आमचे मिल्ट्री आबा: पत्त्यात लबाड, मोजणीत पक्के

पांझराकाठ

आबांना जाऊन तीन महिने झाले. माघात गेले. वय कागदावर ८२. खरं किती ते कोणालाच माहीत नाही, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून टाकून दिली होती. आबा म्हणायचे, आमच्या वर्गातले सगळे एकाच दिवशी जन्मले, त्या दिवशी गावात सुईणींची काय धावपळ झाली असेल!

गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. दशक्रियेला चार जण बोलले. चौघांनीही देशसेवा, शिस्त, त्याग आणि आदर्श हे चार शब्द पाळीपाळीने वापरले. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कोणाबद्दल बोलताहेत? या माणसाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांच्या मेंढीकोटात सख्ख्या व्याह्याला फसवलं होतं, ते का नाही कोणी सांगत?

म्हणून हा धागा. पुतळा झालेल्या आबांना जरा ओट्यावर परत आणून बसवावं म्हणतो.

थोडक्यात हकिकत अशी. १९६२ च्या लढाईनंतर फौजेत जोरात भरती निघाली, त्यात १९६३ ला आबा बॉम्बे सॅपर्समध्ये लागले. खडकीला ट्रेनिंग. १९६५ आणि १९७१, दोन्ही लढायांना ते होते. १९८१ ला हवालदार म्हणून परत आले, आणि दोन वर्षांत गावच्या पाटावर पुन्हा हवालदार झाले. "दोनदा हवालदार झालेला माणूस धुळे जिल्ह्यात दाखवा," असं आल्यागेल्याला सांगायचे.

सॅपर म्हणजे फौजेतले बांधकामवाले आणि तोडकामवाले, दोन्ही. पूल टाकणं, रस्ता करणं, सुरुंग पेरणं आणि दुसऱ्याने पेरलेले काढणं. लहानपणी मी विचारलं होतं, आबा, तुम्ही किती जण मारले? ते म्हणाले, एकही नाही, मी रस्ते करायचो. माझा फार हिरमोड झाला होता. शाळेत सांगायला काही उरलं नाही.

आता आखाजीचं सांगतो, कारण धागा काढण्याचं खरं कारण तेच आहे.

आमच्याकडे आखाजी दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि पुरुष मंडळी दोन दिवस पत्त्यांतून मान वर काढत नाहीत. आम्हा नातवंडांसाठी आबांचा वेगळा खेळ असे. पहाटे उठून ते नदीच्या कोरड्या पात्रात तंबाखूच्या दहा रिकाम्या डब्या पुरून यायचे. प्रत्येकीत एक नाणं. उन्हं चढायच्या आत आम्हाला फॉलिन करायचे आणि प्रत्येकाच्या हातात मोडक्या छत्रीची एकेक काडी द्यायचे. दोऱ्या लावून पट्टे पाडलेले असत. पोटावर झोपायचं, काडी तिरपी धरायची, तीस अंशांच्या आसपास, आणि वाळूत हळू सारायची. टक्क झालं की थांबायचं आणि बाजूने बोटांनी वाळू उकरायची. कोणी घाईत काडी सरळ वरून खुपसली की आबा काठावरून ओरडायचे, "धडाम! तू मरी गया. जाय, सावलीमा पड!" मग मेलेल्याने निंबाखाली जाऊन खरंच पडून राहायचं. बोलायचं नाही, पाणीही मागायचं नाही. माझी थोरली आतेबहीण एका आखाजीला चार वेळा मेली.

सुरुंगावर वरून दाब आला की तो फुटतो, म्हणून त्याला कुशीतून गाठायचं, हे मला फार पुढे, कॉलेजात असताना कळलं. तोवर मला तो आबांनी काढलेला आखाजीचा खेळच वाटायचा.

नियम एकच होता. दहाच्या दहा डब्या निघाल्याशिवाय घरी जायचं नाही. पुरणपोळी निवो, आंब्याचा रस उतरो. "मोजी लिधं का?" आणि नऊ म्हटलं की, "एक कमी शे रे भो. परत." एरवी पत्त्यात बिनदिक्कत लबाडी करणारा हा माणूस त्या मोजणीत एका डबीचीही सूट द्यायचा नाही. कुठे कुठे पुरल्या त्याचा नकाशाही असायचा, वहीच्या पानावर, वडाच्या झाडापासून पावलं मोजून काढलेला. पण तो आम्हाला दाखवायचे नाहीत.

गेल्या आखाजीला नऊच निघाल्या. आता खेळायला माझी मुलं आणि भाचरं होती. आबा काठावर खुर्चीत. आम्ही मोठेही वाळूत उतरलो, दहावी काही सापडेना. आणि आबा म्हणाले, "राहू द्या. चला जेवायला."

इतक्या वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं. मला चर्र झालं. वाटलं, आबा आता थकले.

परवा आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरली. वर डांगर (खरबूज) ठेवलं, घास टाकला, जेवणं झाली. सगळे पत्त्यांना बसल्यावर मी छत्रीची काडी घेतली आणि गुपचूप नदीत गेलो. दोन तास. काही मिळालं नाही. अर्थात पात्रात आता वाळू तरी कुठे उरलीय, रात्री डंपर लागलेले असतात. डबी कुठल्या तरी बंगल्याच्या स्लॅबमध्ये गेली असेल.

तुमच्याकडेही असे फौजी आजोबा असतील तर सांगा. आदर्शवाले नकोत. खरे.


शेवभाजी_जास्त_तिखट

भो, रडवलं आणि हसवलं. "सावलीमा पड" वाचून ऑफिसात फुटलो, शेजारची बघायला लागली.

आमचे आजोबा तोफखान्यात, नाशिकरोड देवळालीला. कानाने कमी ऐकू यायचं. पण पेन्शनचा विषय दोन खोल्या पलीकडे निघाला तरी स्पष्ट ऐकू जायचा. आजीचं म्हणणं, तोफेने नाही, सोयीने बहिरे झालेत.


मुक्काम_पिंपरी

आदरांजली. एक शंका. पाटावरचा हवालदार म्हणजे काय? पाटबंधारे खात्याची नोकरी का?


पांझराकाठ

नाही. ही फड पद्धत. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली. नदीत दगडी बंधारा, त्याच्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा या फडात ऊस तर त्या फडात भुसार, पुढे पाळी फिरते. पाणी कोणाला किती ते शेतकऱ्यांचे पंच ठरवतात, सरकार नाही. पाणी फिरवायला पाटकरी, रात्री राखायला जागल्या, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा तो हवालदार. वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, तशी ही पद्धत बऱ्याच गावांत मोडली. आमच्याकडेही निम्मीअधिक मोडलीच.

आबांना त्या कामात भारी रस. कारण उघड आहे, दगड, पाणी आणि माणसं हाकणं, तिन्ही सॅपरचंच. एका पावसाळ्यात बंधाऱ्याच्या कडेचा मातीचा बांध सुटायला लागला. लोक गोण्या ठासून भरून धडाधड टाकत होते आणि त्या वाहून जात होत्या. आबांनी सगळ्या गोण्या रिकाम्या करायला लावल्या. लोक म्हणाले, म्हातारा चळला. गोणी पाऊणच भरायची, म्हणजे ती खालच्या गोणीवर नीट बसते. तोंड आतल्या बाजूला. आणि विटेसारखा सांधा मोडून रचायची, सांध्यावर सांधा नाही. रचलेला प्रत्येक थर धोपटायचा. ते सगळं गुडघाभर पाण्यात, वर पाऊस, आणि आबा मधेच फौजी हिंदीत शिव्या देताहेत, मधेच कानबाईचं गाणं म्हणताहेत. बांध टिकला. दुसऱ्या दिवशी पंचांकडून त्यांनी सगळ्यांसाठी दाळ-बट्टी वसूल केली. स्वतः सात बट्ट्या खाल्ल्या आणि पाच सांगितल्या.


सह्याद्री_७१

लेखन चांगलं आहे, पण शीर्षक खटकलं. दोन युद्धं लढलेल्या सैनिकाला "लबाड" म्हणणं योग्य वाटत नाही. घरातलं घरात ठेवावं. तरुण पिढी हे वाचते. सैनिकाची प्रतिमा जपायची जबाबदारी आपली आहे.


खापरावरचा_मांडा

@सह्याद्री_७१, प्रतिमा जपायला फोटो असतो की. इथे माणसाबद्दल चाललंय.


निवृत्त_फौजी_धरणगाव

मी स्वतः सतरा वर्षं नोकरी केली. सह्याद्री साहेब, तुमचा हेतू चांगला, पण मी पांझराकाठच्या बाजूने. पलटणीत सगळ्यात जास्त मान कोणाला असतो? शूर माणसाला असतोच. पण रात्रीच्या पहाऱ्यानंतर चहा पिताना हसवणारा एक जण असतो, तो सुट्टीवर गेला की सगळी कंपनी सुतकात असल्यासारखी. बडाखान्याला नकला त्याच्याच. साहेबांची नक्कल साहेबांसमोर करायची आणि साहेबांनीच टाळ्या वाजवायच्या. या आबांचं वाचून मला आमच्यातला तो आठवला.

आणि सुरुंगांबद्दल. बॉम्बे सॅपर्सच्या पोरांना एक गोष्ट भरती झाल्या झाल्या ऐकवतात, ती आबांनीही सांगितली असणार. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं काढत काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. वरून गोळीबार चालू, म्हणून स्वतः रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे. थांब, चाल या खुणा आतल्या ड्रायव्हरला दोरी ओढून. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले.


पांझराकाठ

काका, सांगितली म्हणजे काय! पाठ आहे. फक्त आबांच्या सांगण्यात ती दोरी दरवर्षी लांब होत गेली. आणि शेवटी ते जिजीकडे, म्हणजे आमच्या आजीकडे, बघून म्हणायचे, दोरीच्या एका टोकाला माणूस आणि दुसऱ्या टोकाला रणगाडा, आमच्या लग्नातही असंच आहे. रणगाडा कोण ते विचारायची आमची हिंमत नव्हती.


तिसरी_सून

मी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. माझे सासरे असेच. गावभर हसतमुख, नातवंडांचे लाडके. पण ते नोकरीत असताना सासूबाई इथे एकट्या. वर्षातून दोन-अडीच महिने माणूस घरी, बाकी मनीऑर्डर. पोरांची आजारपणं, शेतीचे वाद, दिरांशी वाटणी, सगळं तिने निस्तरलं. मग हे पेन्शन घेऊन आले आणि सगळ्यांचे मजेशीर आजोबा झाले. मजा करायला मोकळा वेळ लागतो, तो तिला कधी मिळालाच नाही. तुमच्या जिजींबद्दल धाग्यात एक ओळ आहे, तीही विनोदाची.


पांझराकाठ

बरोबर आहे तुमचं. राग कशाचा.

आबांच्या नोकरीची अठरा वर्षं जिजीने चार पोरं, दोन बैल आणि एक सासू अशी काढली. १९७१ च्या डिसेंबरात लढाई तेरा दिवसांत संपली, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, गावात पेढे वाटले. आबा शकरगडच्या बाजूला होते. बाकीच्या बायकांना वाटलं आता माणसं येतील. पण सॅपरची लढाई तेव्हा संपत नाही. पेरलेले सुरुंग तसेच असतात. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला तोवर आबा घरी आले नव्हते. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे. आबा आले तेव्हा ते "पाहुणे आले, पाहुणे आले" करत आत पळाले होते. ही गोष्ट घरात हसून सांगतात. जिजी हसत नाही.

त्या महिन्यांबद्दल आबा एकदाच बोलले, तेही मी खोदून विचारल्यावर. म्हणाले, पेरताना कागदावर किती लिहिले आणि काढताना किती निघाले हे जुळलं पाहिजे. एक कमी निघाला तर त्या शेतात कोणी नांगर घालायचा? त्याला काय माहीत कुठे आहे ते. मग दोन मिनिटं गप्प. मग, "जाय, पत्ते आण."


शेवभाजी_जास्त_तिखट

आता कळलं दहाच्या दहा का ते.


मुक्काम_पिंपरी

आमच्या चुलत आजोबांचा फक्त एक काळा ट्रंक आणि दोन पदकं आहेत. ते कुठे होते, काय केलं, कोणालाच माहीत नाही. शोधता येतं का?


निवृत्त_फौजी_धरणगाव

ट्रंकेत डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आहे का बघा. त्यावर सर्व्हिस नंबर, ट्रेड, रेजिमेंट असते. नंबर मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाने पत्र लिहायचं. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्र कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. पदकांची कडही बघा, बहुतेक वेळा कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. आमच्या सूनबाईंनी दिवाळीला घासून चकचकीत केली, आता माझं नाव मलाच वाचता येत नाही.


खापरावरचा_मांडा

व्याह्यांना कसं फसवलं ते राहिलं. मुद्द्याचं बोला.


पांझराकाठ

मेंढीकोटात आबांचा जोडीदार ठरलेला, गावातले शिंपीबाबा. दोघांच्या खाणाखुणा होत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कोणत्या ते सापडेना. खोकला म्हणावा तर लोकांनी खोकल्यावर बंदी घातली. विडी म्हणावी तर विडी बंद. टोपीला हात लावायचा नाही. तरी हे जिंकायचेच.

त्या वर्षी समोर माझ्या आत्याचे सासरे, नवे व्याही, मोठे बागायतदार, केळीवाले, रावेरकडचे. त्यांनी रीतसर अट घातली की दोघांनी हात गुडघ्यावर ठेवून बसायचं, पान टाकायलाच उचलायचा. आबांनी मान्य केलं. सलग चार कोट दिले. व्याही इतके चिडले की संध्याकाळची बस पकडायला निघाले. तेव्हा आबांनी हात जोडून कबुली दिली. प्रत्येक डावाआधी ते जिजीला हाक मारायचे. "चहा" म्हटलं की इस्पिक, "पाणी" म्हटलं की बदाम, "सुपारी" म्हणजे चौकट, आणि "ऐकस का?" म्हणजे किलवर. जिजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी दिवसभर चहा-पाणी आणत होती. तीही चिडली ती वेगळीच.


तिसरी_सून

झालं! हेच म्हणत होते मी.


आतेबहीण_नाशिक

दादा, मी. चार वेळा मेलेली.

धागा मला काल कोणीतरी पाठवला. वाचून आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, कारण मेले मी तीनदाच. चौथ्या वेळी आबांनी चुकीचा पट्टा धरला होता, आणि ते त्यांनी नंतर मान्य केलं होतं. साक्षीदार आहेत.

आता दुसरं. सांगू की नको असं दोन दिवस चाललंय, कारण मी शपथ घेतली होती, आणि वीस रुपयेही घेतले होते.

गेल्या आखाजीला पहाटे आबांबरोबर मी गेले होते. एकट्याने जायला जिजी सोडत नव्हती. नऊ डब्या पुरल्या. प्रत्येक वेळी खाली बसायचे, पुरायचे, माझ्या खांद्याला धरून उठायचे, पावलं मोजून वहीत मांडायचे. नवव्या डबीला बसले ते उठेनात. कंबर धरली. मी म्हटलं, आबा, दहावी मी पुरते. तर म्हणाले, नाही, ज्याने मांडायचं त्यानेच पुरायचं, नाहीतर कागद खोटा होतो. पाच मिनिटं तसेच वाळूत बसून राहिले. मग डबी बंडीच्या खिशात टाकली आणि मला दम दिला, कोणाला सांगशील तर बघ. आबा थकले असं पोरांनी म्हणायला नको. वहीत त्यांनी नऊच मांडल्यात. बघ, पान असेल.

म्हणजे मोजणी जुळली होती दादा. फक्त तुम्हाला दहा सांगितलं होतं.


पांझराकाठ

म्हणजे मी परवा भर उन्हात दोन तास...


शेवभाजी_जास्त_तिखट

जाय, सावलीमा पड.


निवृत्त_फौजी_धरणगाव

आबांना सॅल्यूट. व्यवहार एकदम चोख. कागदावर खोटं नाही, तोंडी काय वाटेल ते.


पांझराकाठ

वही सापडली. देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली. वडापासूनची पावलं, नऊ फुल्या, खाली तारीख आणि सही, हवालदार म्हणून.

आत्ता जिजीला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. तिसरी_सून, तुमचं दोनदा वाचायला लावलं, आणि तुम्ही कोणत्या गावच्या हे विचारलं. दहाव्या डबीचं ऐकून ती अजिबात चकित झाली नाही. म्हणे, "माले ठाऊक व्हतं. बंडी धुताना खिसामा सापडनी व्हती."

मी विचारलं, मग त्यातले पाच रुपये?

कोथिंबीर आणली म्हणे.